आदल्या संध्याकाळी बांधलेले हात

तुम्ही उद्या सकाळी कामावर गेलाच नाहीत, तर तुमच्यावाचून नेमकं काय अडेल? उत्तराची घाई करू नका. "सगळं लिहून ठेवलंय, काही अडत नाही," असं छातीठोकपणे सांगणारा माणूस मला मुरबाडला भेटला. "मी सगळा सांगलाय," अशी वाघोबाची आण घेणारा दुसरा माणूस टोकावड्याच्या पुढे एका वाडीत भेटला. दोघेही खरं बोलत होते आणि दोघांच्याही हातून काहीतरी सुटलं होतं. या दोघांमधल्या काही मैलांच्या प्रवासात मला जे धक्के बसले, ते अजून पुरते उतरलेले नाहीत. म्हणून हे लिहितो आहे.

मुरबाड

नव्वदचं दशक सरत आलं होतं. कारखान्यांच्या फाटकांवर गुणवत्तेच्या प्रमाणपत्राचे मोठाले फलक लागत होते. लग्नघराला तोरण लागावं तसे. माझं बालपण पत्रकांच्या घड्या घालण्यात गेलं. वडील गिरणीतून आले की सायक्लोस्टाइलवर बसायचे आणि आम्हा भावंडांच्या नखांत शाळेत जातानाही शाई असायची. साहजिकच, प्रत्येक नव्या फलकामागे नवा डाव आहे, ही माझी खात्री होती. प्रमाणपत्रासाठी कामगारांकडून त्यांच्या कामाची पद्धत शब्दन् शब्द लिहून घेतात, असं कानावर आलं, तेव्हा पत्रकाचं शीर्षक मी कल्याणहून निघण्यापूर्वीच ठरवून टाकलं होतं: 'कामगाराच्या डोक्यावर दरोडा'. शहापूरच्या आमच्या अभ्यासमंडळात त्यावर भाषणही ठरलं होतं. फक्त पुरावा आणायचा होता.

माझा कॉलेजातला मित्र सुहास मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत, नळजोडणीचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात होता. त्याला पत्र लिहून उघडच कळवलं की मी तुमच्याविरुद्ध लिहायला येतो आहे. त्याचं उत्तर आलं: "ये. आधी बघ, मग शिव्या दे. जेवायला माझ्याकडेच."

कारखान्यात शिरलो आणि पहिला धक्का बसला. प्रत्येक यंत्रासमोर प्लॅस्टिकमध्ये घातलेला कागद टांगलेला, त्यावर कामाच्या पायऱ्या. प्रत्येकाच्या खिशात कंपनीच्या धोरणाचं कार्ड. सुहासने एका कामगाराला सहज हाक मारली, तर तो पाय जुळवून ताठ उभा राहिला आणि शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर पोरं कविता म्हणतात तसा एका दमात सगळं धोरण म्हणून मोकळा झाला.

"याचा अर्थ काय हो?" मी विचारलं.

"अर्थ परीक्षेला नाय, साहेब," तो म्हणाला. "पाठांतरच हाय फक्त."

सुहासही हसला. पण मला हसू येईना. मोठी माणसं, घरी ज्यांची नातवंडं असतील अशी माणसं, खिशात कार्ड ठेवून पाठांतर करत होती.

दुपारी कॅन्टीनमध्ये सुहासने मला त्याची बाजू समजावून सांगितली. कारखान्याचं निम्मं शहाणपण माणसांच्या डोक्यात असतं. माणूस गावाला गेला, आजारी पडला, दुसरीकडे लागला की ते शहाणपणही जातं. मग नवा माणूस त्याच चुका पहिल्यापासून करतो आणि त्याचंच बोट कापतं. "म्हणून कोणाला काय येतं ते शोधायचं, लिहायचं, दुसऱ्याला शिकवायचं, आणि करणाऱ्याहून वेगळ्या माणसाने ते तपासायचं. साहेबलोक याला आता ज्ञानाचं व्यवस्थापन म्हणतात. यात दरोडा कुठे आला?"

"आणि ज्ञान लिहून झालं की माणूस गेला तरी चालतो, असंच ना?"

मी हे केवळ टोमणा म्हणून बोललो होतो. पण सुहासचा घास हातातच राहिला. तो ताटात परत ठेवून त्याने खाली बघूनच सांगितलं. त्यांच्याकडे साचे बसवणारे एक म्हातारे मिस्त्री होते. सुहास स्वतः कित्येक दुपारी त्यांच्यासमोर बसला आणि ते सांगतील तसं त्याने उतरवून घेतलं. मिस्त्रींनी आनंदाने सांगितलं, कारण त्यांना इतकं कोणी कधी विचारलंच नव्हतं. काम पुरं झालं आणि पुढच्या होळीच्या आत त्यांना "आता तुम्ही विश्रांती घ्या" म्हणून घरी बसवलं.

पुरावा मिळाला होता, पण तो असा मित्राच्या तोंडून, त्याच्याच ताटावर मिळेल, असं वाटलं नव्हतं.

"लिही," सुहास म्हणाला. "पण त्याआधी एक बघायला चल. काळूराम नावाचा आमचा एक कामगार आहे. त्याने रजा मागितली होती. कारण काय लिहिलंय माहीत आहे? 'वाडीत हातबांधणी आहे.' आमचे साहेब म्हणाले, असला कुठला सण नसतो, नामंजूर. तो तसाच गेला. मला जाऊन बघायचंय."

टोकावडे

दुसऱ्या दिवशी सुहासच्या मोटरसायकलवरून निघालो. मुरबाड मागे पडलं की कारखान्यांची धुरांडी संपतात आणि भात कापून झालेल्या खाचरांचे पिवळे तुकडे सुरू होतात. समोर सह्याद्रीची भिंत. टोकावड्याला एका ढाब्यावर थांबलो. माळशेजकडे जाणारी एसटी उभी होती आणि चालक पिठलं-भाकरी हाणत होता. तांदळाची भाकरी इतकी पांढरी आणि लुसलुशीत की मी आईची ज्वारीची भाकरी मनातल्या मनात माफी मागून विसरलो.

पुढे रस्ता सोडून बैलगाडीची वाट धरली. तिथे ओल्या पाटात माझी चप्पल चिखलाने जी धरली ती सोडलीच नाही. ओढायला गेलो तर चपलेचा अंगठा तुटला. त्यानंतरचा सारा प्रवास मी अनवाणी केला. वाडीतल्या लोकांनी त्याबद्दल अवाक्षरही काढलं नाही, कारण तेही अनवाणीच होते. आमच्याकडे पाहुणा आला की आधी चहा टाकतात, मग विचारपूस. इथे आधी पाय धुवायला पाणी, मग "कंच्या गावचं?" आणि चहाच्या आधी काम काय ते सांगायचं.

काम सांगायची वेळच आली नाही. वाडीखाली नदीकाठी माणसं गोळा झालेली दिसली आणि गेलो तर काय दिसावं? एका पन्नाशीच्या माणसाला मधोमध उभं केलं होतं आणि एक बाई टॉवेलने त्याचे दोन्ही हात पाठीमागे करकचून बांधत होती. सगळी वाडी बघत होती. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या.

वेठबिगारी, जातपंचायत, बहिष्कार, वाचलेली सारी पत्रकं एकाच वेळी डोक्यात उठली. मी गर्दीत घुसलो आणि ओरडलो, "सोडा त्यांना! कोणत्या कायद्याने बांधताय माणसाला? मी वर्तमानपत्रात छापीन! माणसाची अप्रतिष्ठा आहे ही!"

हात बांधलेला माणूस माझ्याकडे निरखून बघत म्हणाला, "कोन रं ह्यो? चप्पल कुठं गेली याची?"

मग जो हशा उसळला, तो नदीच्या पलीकडच्या गुराख्यानेही ऐकला असेल. काळूराम पुढे आला आणि सुहासला बघून चपापला. "साहेब, तुमी? रजा मंजूर नाय म्हनून पकडायला आलाव का काय?"

नदीकाठ

ती रीत अशी होती. ठाकरांच्या त्या वाडीने नदीवर एक डिझेल इंजिन आणि पंप मिळून बसवला होता. भातानंतर वाल, भेंडी, मिरची होते ती या पंपाच्या पाण्यावर. पहिल्या वर्षी इंजिन एकच जण चालवायचा. तो भिवंडीला कामाला निघून गेला आणि इंजिन कोणालाच चालू करता येईना. शेतं वाळली. तेव्हा वाडीने नेम केला की इंजिन कोणाकडे कायमचं ठेवायचं नाही. ठरल्या काळाने ते दुसऱ्याच्या हाती द्यायचं आणि देताना हातबांधणी करायची. पहिल्या दिवशी जुन्याचे हात बांधायचे, तोंड मोकळं. त्याने नुसतं सांगायचं, नव्याने करायचं. दुसऱ्या दिवशी तोंडही बांधायचं. नव्याने एकट्याने इंजिन चालवून पाटात पाणी आणलं की इंजिन त्याचं. काठावरच्या उंबराची सावली इंजिनावरून सरकेपर्यंत पाणी आलं नाही, किंवा नव्याने मधेच जुन्याचं तोंड सोडवायला लावलं, तर तो हरला. मग इंजिन आणखी एक हंगाम जुन्याकडेच.

सुहासने आ वासला होता. "आम्ही यासाठी फायलींचं कपाट भरलंय," तो माझ्या कानात पुटपुटला. "आणि हात बांधायचं कोणाच्याच डोक्यात आलं नाही."

बांधलेला माणूस वरच्या आळीचा गोमा, सगळ्यांचा गोमादादा. बांधणारी बुधाबाई, वाडीची कारभारीण, भांड्याला भांडं लागलं की निवाडा तिच्याकडे. आणि इंजिन जिच्या हाती जायचं होतं ती काळूरामची बायको हिराबाई. बाईच्या हाती इंजिन पहिल्यांदाच जात होतं, आणि गोमा तिचा चुलतसासरा.

हिराबाईला इंजिन का हवं होतं, ते तिने मला सरळ सांगितलं. "खालची आळी पाटाच्या शेवटाला हाय. इंजान चालवनारा वरच्या आळीचा असला का आमच्याकडं पानी येईस्तोवर डिझेल सपतं. दोन हंगाम माझी भेंडी उभ्या उभ्या करपली. मागू किती? मंग म्हनलं, आपुनच धरू हँडल."

पहिला दिवस झक्क पार पडला. गोमादादा हात मागे बांधून इंजिनाभोवती कोंबड्यासारखा फिरत सांगत होता, "आधी डिझेल बघ. आता ती दांडी वर कर. हँडल घाल. घुमव, घुमव... पाव्हण्याला वाढतेस का काय? जोर लाव गो! आता दांडी सोड!" इंजिन धडधडलं आणि थोड्याच वेळात पाटात पाणी उसळलं. बायकांनी टाळ्या पिटल्या. काळूराम म्हणाला, "घरी मलाबी असाच घुमवतेय."

रात्री त्यांच्याकडे वालाची आमटी, भात आणि भाजलेली सुकट जेवलो. मी पत्रकाचं शीर्षक मनात खोडून नवं योजत होतो, 'वाडी शिकवते, कारखाना ऐकेल का?' किती सोपं वाटलं होतं सगळं!

पाणी आलं नाही

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत वाडी गोमादादाच्या दारात जमली. तो डोळे चोळत बाहेर आला, तोच बुधाबाईने हात बांधले आणि एका स्वच्छ फडक्याने तोंडही. वाजतगाजत त्याला नदीवर आणलं आणि एका दगडावर बसवलं.

हिराबाईने सगळं कालच्यासारखंच केलं. डिझेल बघितलं, दांडी वर, हँडल, दांडी खाली. इंजिन पहिल्याच फटक्यात धडधडलं. सगळे पाटाकडे वळले.

पाटात पाणी आलं नाही.

तिने इंजिन बंद केलं, पट्टा बघितला, पाइप चाचपला, पुन्हा चालू केलं. पंप नुसता कोरडा घरघरत होता. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. तिचे हात काळे झाले, केस कपाळाला चिकटले. उंबराची सावली इंजिनावरून ओसरू लागली. वरच्या आळीतला एक जण मोठ्याने म्हणाला, "इंजान म्हंजे चूल नाय, फुंकर घातली का पेटायला." कोणीतरी हसलं. गोमादादा दगडावर बसून टक लावून पंपाकडे बघत होता. त्याच्या कपाळावर घाम होता.

सावलीचं शेवटचं बोट उरलं तेव्हा हिराबाई बुधाबाईसमोर आली. "त्यांचा तोंड सोड."

"सोडला तर हरलीस गो," बुधाबाई म्हणाली.

"हरले तर हरले. पानी का येत नाय ते तरी कळंल. पुढं कोन दुसरी बाय उभी राहील, तिला तरी उपेगी पडंल."

ज्यासाठी ती उभी राहिली होती, ते तिने तिथे, सगळ्यांसमोर, सोडून दिलं. फडकं सुटलं. सगळी वाडी पुढे झुकली.

"मलाबी नाय कळत," गोमादादा म्हणाला. "मी सगळा सांगलाय. हात सोडा, मंग दाखवतो."

"हात सोडला का पानी येनार हे म्हाईत हाय, पन काय करनार ते सांगता येत नाय?" बुधाबाईचा आवाज चढला.

"नाय येत! वाघोबाची आन!"

आता माझा तोल गेला. हा उघड उघड लबाडीचा कळस होता. मी पुढे झालो आणि सभेत बोलतो तसं बोललो. धान्याचे साठेबाज आपण पाहिले, हा ज्ञानाचा साठेबाज आहे. एक पेच मुठीत दाबून साऱ्या आळीला ताटकळत ठेवणारा... वाक्य चांगलं जमून आलं होतं. पुरं करायला मिळालं नाही.

"पेपरवाले, गप बसा," हिराबाई म्हणाली. "माझा सासरा लागतो त्यो. भांडायचा असला तर मी भांडीन."

सुहास मात्र पुढे आला. तो गोमादादाच्या शेजारी दगडावर बसला आणि तपासनीस विचारतो तसं शांतपणे विचारू लागला. "दादा, काल इथे तुमचे हात बांधले. बांधायच्या आधी सकाळी तुम्ही कुठे होतात?"

"घरी."

"उठल्यावर?"

"नदीवर येतो की रोज. तोंड धुवायला."

"आणि मग?"

"मंग काय? तोंड धुतो, घरी जातो." तो थांबला. "जातोच घरी. दुसरा काय करनार?"

लोक कुजबुजायला लागले. सुहास उठून बुधाबाईकडे गेला. "काल हात बांधायच्या आधी त्या हातांनी काय केलं, हे कोणी बघितलेलं नाही. आज तांबडं फुटायच्या आत बांधले, तर पाणी नाही."

बुधाबाई वाडीकडे वळली. मग म्हणाली, "आता हात सोडलं तर त्ये गुमान करून मोकळं होतील, याला कळायचा नाय. आज संध्याकाळपासून याचं हात बांधा. उद्या उठल्यावर पाय कुठं जातात ते बघू. कोनी काय बोलायचा नाय."

संध्याकाळ

ती संध्याकाळ मी विसरणार नाही. दिवे लागायच्या सुमाराला गोमादादाचे हात पुन्हा बांधले गेले आणि तो आपल्याच ओटीवर पाहुण्यासारखा बसला. त्याला जेवण भरवायला हिराबाई आली. ज्याच्यामुळे तिची भेंडी दोन हंगाम करपली, त्याच्या तोंडात ती भाताचे घास घालत होती.

"काटा काढ गो सुकटीचा."

"सुकटीला कुठं काटा असतो? खा गुमान."

"इंजान घेतलंस, आता जीव घे."

"आधी इंजान चालू तर होऊ दे."

मी त्याच्यासमोर बसायला धजत नव्हतो. त्यानेच हाक मारली. "या साठेबाजाकडं जेवायला. लाजू नका."

मी विचारलं, "दादा, खरं सांगा, तुम्ही लपवलं नाही?"

त्याने घास गिळला. "इंजान सोडायचा जिवावर येतंय, हे खरा हाय. इंजानामुळं चार लोक दादा म्हनत्यात. पन आन खोटी घेतली नाय." मग हलक्या आवाजात: "मला सोताला भ्या वाटतंय. माझ्या हाताला काय येतंय, ते मलाच म्हाईत नाय?"

कारखान्यातले मिस्त्री मला आठवले. त्यांनीही सगळं सांगितलं होतं, आनंदाने. त्या फायलीतून काय निसटलं, हे आता त्यांना विचारायला कोण जाणार होतं?

पहाट

कोंबडा आरवला आणि ओटीवर झोपलेल्या सुहासने मला ढोसलं. गोमादादा उठला होता. आम्ही मागे निघालो. हिराबाई आणि बुधाबाई आधीच कुडाआड उभ्या होत्या.

त्याचे पाय नदीकडे गेले नाहीत. ते आधी गोठ्याकडे गेले. म्हशीमागे तो वाकला, खांदे पुढे झाले, बांधलेले हात टॉवेलमध्ये ओढले गेले. तो तसाच क्षणभर वाकून राहिला, जणू काही उचललं. मग नदीवर गेला. चूळ भरायला पाण्याशी बसला नाही. सरळ पंपाशी जाऊन उभा राहिला. शेजारी एक चेपलेली बादली पालथी पडलेली होती. त्याचे खांदे पुन्हा हलले. उजवा, मग डावा. हात मागे बांधलेले, पण खांदे बादली उचलत होते, पंपाच्या तोंडात काहीतरी ओतत होते.

तो एकदम थांबला. स्वतःच्या खांद्याकडे बघायला लागला. मग वळून ओरडला, "बघ गो हिरे! हात चाललं! शेनकाला! शेनकाला घालतो मी!"

आणि तो मटकन खाली बसला. इतका हादरलेला माणूस मी क्वचितच पाहिला असेल.

उलगडा अगदी साधा होता. नदीत सोडलेल्या पाइपाच्या तोंडाशी एक झडप असते. ती झिजली की रात्रीतून पाइपातलं पाणी गळून जातं आणि पंप कोरडा पडतो. मग त्यात वरून पाणी भरावं लागतं. त्यात शेण कालवलं की बारीक फटी बुजतात आणि पाणी टिकतं. झडप कधी झिजू लागली आणि गोमादादाने शेणकाला घालायला कधी सुरुवात केली, ते त्यालाही सांगता येईना. चूळ भरावी तसं रोज पहाटे ते होत होतं. पहिल्या दिवशी हात बांधायच्या आधी तो ते करून बसला होता. काम त्याच्या अंगात इतकं मुरलं होतं की ते काम आहे, हेच तो विसरला होता.

हिराबाईने शेण कालवलं, बादली ओतली, हँडल घुमवलं. पाटात पाणी आलं आणि खालच्या आळीपर्यंत गेलं. तिच्या भेंडीच्या रोपांपर्यंत गेलं. ती पाटाच्या कडेने त्या पाण्याबरोबर चालत गेली.

वरच्या आळीच्या एकाने आठवण करून दिलीच, "नेम तो नेम. काल तोंड सोडवला तवाच ती हरली."

गोमादादा म्हणाला, "मंग इंजान माझ्याकडंच आला ना? मी धरत नाय. ज्याला काय येतंय त्ये सोताला सांगता येत नाय, त्याच्या हाती कशाला ठेवताव?"

इंजिन हिराबाईकडे गेलं. बुधाबाईने दोनच गोष्टी सांगितल्या. पुढच्या खेपेपासून हात आदल्या संध्याकाळी बांधायचे. आणि गोमाचे हात आता सोडायचे. मला वाटलं, संपलं. पण टॉवेल सुटल्यावर तिने त्याच रिकाम्या हातांत एक किल्ली ठेवली. लग्नाकार्याला वाडीची मोठी भांडी लागतात, त्या खोलीची. इंजिन सोडणाऱ्याला रिकाम्या हाताने घरी पाठवायचं नाही, हाही नेमाचाच भाग. ते पहिल्या दिवशी मला कोणी सांगितलं नव्हतं. बहुतेक तेही त्यांच्या अंगात मुरलेलं होतं.

"भांडी!" गोमादादा किल्लीकडे बघत म्हणाला. "आता घासायला लावा मला."

"घासायला नाय," बुधाबाई म्हणाली. "कोन घासत नाय ते बघायला."

शहापूर

परतताना किन्हवलीवरून शहापूरला आलो. अभ्यासमंडळात माझं भाषण होतं. लोक दारात उभे होते, कारण किल्ली ज्यांच्याकडे असते ते आमचे जुने कार्यवाह मुलीकडे गेले होते. नोटीस कोण काढतं, वर्गणीदारांचे पत्ते कुठे आहेत, पत्रकाचा कागद कोणाकडून येतो, सगळं त्यांनाच ठाऊक. मालकांच्या पद्धतींवर आम्ही इतकी वर्षं तुटून पडत आलो, आणि आमची स्वतःची पद्धत एका माणसाच्या बंडीच्या खिशात होती! मी पायरीवर अनवाणी बसलो आणि ठरलेलं भाषण न करता हीच हकिकत सांगितली.

'कामगाराच्या डोक्यावर दरोडा' हे पत्रक मी मागे घेतलेलं नाही. मिस्त्रींचं जे झालं तो दरोडाच होता. फक्त आता मला ठाऊक आहे की लिहून घेणं हा गुन्हा नव्हता. लिहून घेतल्यावर त्यांच्या हातात काही ठेवलं नाही, हा होता. सुहासने आपल्या साहेबांना तसं तोंडावर सांगितलं आणि मिस्त्रींना नव्या पोरांचे शिक्षक म्हणून परत बोलवा असा आग्रह धरला आहे. उत्तर अजून आलेलं नाही.

तुमच्याकडे माझी एकच मागणी आहे. तुमच्या कचेरीत, संघटनेत, मंडळात, नाहीतर स्वयंपाकघरातच, ज्याच्यावाचून पान हलत नाही असा एक माणूस असेल. कदाचित तो तुम्हीच असाल. आज संध्याकाळी एक टॉवेल घेऊन त्याच्याकडे जा. त्याचे हात बांधा आणि उद्या पहाटे त्याचे पाय कुठे जातात ते शेजारी बसून बघा. पण टॉवेल सोडताना तुमच्या दुसऱ्या हातात एक किल्ली असू द्या. ती नसेल, तर कृपा करून कोणाचे हात बांधू नका.